गंगापूर धरणाचा काठ आणि फिनलंडमधली चूल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला, धरण भरलं, की गंगापूर धरणाच्या काठावर ‘काहीतरी करा’ ही मागणी नाशकात दरवर्षी नव्याने उगवते. कुणाला लेकफ्रंट हवा असतो, कुणाला काचेचा पूल, कुणाला रंगीत कारंजी. आता २०२७ चा सिंहस्थ आहे, पैसा येणार, म्हणून आराखड्यांना ऊत आला आहे. मी पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी केली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण धरणाचं पाणी चढताना-उतरताना पाहण्यातच आयुष्य गेलं, तेव्हा या विषयावर चार शब्द लिहायचा माझा हक्क आहे असं मी धरून चालतो. दुसरं कारण असं, की लेक फिनलंडमध्ये असते. तिच्याकडे उन्हाळाभर राहिलो तेव्हा तिथलं तळ्यांमधलं एक राष्ट्रीय उद्यान जवळून पाहता आलं.

परदेशवारी करून आलेल्यांची पत्रं कशी असतात हे मलाही ठाऊक आहे. ‘तिकडे बघा किती स्वच्छ, आणि आपले लोक...’ असं सुरू होतं आणि शेवटी सगळा दोष आपल्या रक्तावर जातो. मला तसं म्हणायचं नाही. तिथेही तरुण पोरं दारू पितात, तिथेही डास आहेत, आणि जूनमधले ते डास बघितले तर आपले पंचवटीतले गरीब वाटतील. मला फक्त व्यवस्थेबद्दल लिहायचं आहे.

उद्यानाचं नाव नूक्सिओ. हेलसिंकीपासून पस्तीसेक किलोमीटर. एस्पो स्टेशनवरून २४५ नंबरची साधी सिटी बस जाते. फाटक नाही, तिकीटखिडकी नाही, कुणी पावती फाडत नाही. १९९४ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्र पन्नास चौरस किलोमीटरहून थोडं अधिक. पृथ्वीच्या उत्तर भागात नॉर्वेपासून सैबेरियापर्यंत आणि पलीकडे अलास्का-कॅनडात सूचिपर्णी जंगलाचा जो पट्टा आहे, शाळेत भूगोलात आपण त्याला तैगा म्हणायचो, त्याच्या दक्षिण कडेचं हे रान. फिनलंडची जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली आहे आणि पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी तळी मोजली तर ती १ लाख ८८ हजारांच्या घरात जातात. हिमयुगात बर्फाच्या थराने खडक खरवडून काढला, दहा-बारा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटला आणि खळग्यांत पाणी राहिलं. आपलं धरण माणसांनी माती रचून बांधलं, १९६५ मध्ये पूर्ण झालं. त्यांची तळी बर्फाने कोरली. हा फरक पुढे फार महत्त्वाचा आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पाणी स्वच्छ, पण रंग कोऱ्या चहाचा. आजूबाजूच्या दलदलीत शेवाळ कुजून तो रंग पाण्यात उतरतो. दलदलीवरून चालायला लाकडाच्या दोन-दोन फळ्या टाकलेल्या आहेत, काही ठिकाणी पाय घसरू नये म्हणून त्यावर जाळी ठोकली आहे. फळीवरून उतरलात तर बूट घोट्यापर्यंत आत. म्हणजे ‘पायवाट सोडू नका’ अशी पाटी लावायची गरजच नाही. एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी लेकीने मला वाकून पाहायला सांगितलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या पिवळट लेंड्या पडल्या होत्या. उडत्या खारीच्या. या उद्यानाचं बोधचिन्हच उडती खार आहे. ती रात्री हिंडते, त्यामुळे मला दिसली नाही, आणि येणाऱ्या बहुतेकांना दिसत नाही. तिच्यासाठी सुतारपक्ष्याने पोखरलेली जुनी झाडं राखून ठेवलेली आहेत. जी खार पाहुण्यांना दिसतच नाही तिच्यासाठी झाडं राखायची, हे आपल्याकडच्या एखाद्या आराखड्यात कसं मांडावं हे मला खरंच सुचलं नाही.

आता मुख्य गोष्ट, चूल.

हाउक्कालांपी नावाच्या तळ्याकाठी बसायच्या जागा आहेत. तिथे जमिनीवर बसवलेलं लोखंडी कडं, त्यावर बाजूला सरकणारी जाळी आणि भोवती ओंडक्यांची बाकं. थोड्या अंतरावर लाकडाची खोप. आत फाळलेली लाकडं रचलेली, शेजारी करवत, आणि कुऱ्हाड साखळीला बांधलेली. (साखळी पाहून बरं वाटलं. म्हणजे कुऱ्हाडी तिथेही चोरीला जातात.) लाकडं सरकारी वनसंस्थेची, मेत्साहल्लितुस तिचं नाव. तीच संस्था लाकडं आणून टाकते, येणाऱ्याने हवी तेवढी वापरायची, पैसे नाहीत. ठरवून दिलेल्या जागा सोडून उद्यानात कुठेही जाळ करायचा नाही. आणि वणव्याचा इशारा जारी झाला की या ठरलेल्या उघड्या चुलीसुद्धा पेटवायच्या नाहीत. तैगातली आग वाईट, वरून विझली वाटते आणि शेवाळाखालच्या थरात धुमसत राहते.

यामागचा विचार फार साधा आहे आणि म्हणून मला तो आवडला. पाण्याकाठी आलं की माणसाला जाळ करावासा वाटतो. हे त्यांनी आधी मान्य केलं. ‘आग लावू नये, हुकुमावरून’ अशी पाटी ठोकली असती तर लोकांनी पाटीच जाळली असती. त्याऐवजी लाकूड दिलं, जागा दिली, आणि त्या बदल्यात बाकीचं सगळं रान वाचवलं. सुकं लाकूड हातात आयतं मिळतंय म्हटल्यावर झाडाची फांदी मोडायला कोण जातं?

आमच्या सौभाग्यवतींनी घरून वांगं आणलं होतं. जाळीवर ठेवलं. शेजारी एक फिनिश कुटुंब सॉसेज भाजत होतं. त्यांनी एक शब्दही न बोलता आपलं सामान सरकवून जाळीवर जागा करून दिली. वांग्याचं साल तडतडायला लागलं तेव्हा त्यांच्या धाकट्या मुलीने मान लांब करून पाहिलं, एवढाच काय तो संवाद. एकाच जाळावर तीन-चार कुटुंबांचं जेवण झालं. आपल्याकडे प्रत्येक टोळकं आपली तीन दगडांची चूल वेगळी मांडतं. रविवार संध्याकाळी धरणाच्या काठाने चाललं की दर दहा-वीस पावलांवर काळे पडलेले दगड, राख, फुटलेल्या बाटल्या आणि पत्रावळी. फेब्रुवारीनंतर गवत वाळलेलं असतं, एखाद्या चुलीतली ठिणगी उडाली की टेकडी पेटते. आपले वणवे काही आकाशातून पडत नाहीत.

कचऱ्याचंही तसंच. नूक्सिओच्या वाटांवर कचरापेट्या नाहीत. हे ऐकून माझा विश्वास बसला नव्हता, आपण तर दर सभेत ‘डस्टबिन वाढवा’ म्हणून ठराव करतो. कारण असं, की रानातली पेटी भरली की ती उचलायला गाडी आत न्यावी लागते, तोवर जनावरं ती उपसतात, आणि पेटी दिसली की लोक तिच्याभोवती कचरा रचून मोकळे होतात. त्यामुळे जे आणलं ते परत न्यायचं. कागद-पुठ्ठा चुलीत जाळला तर चालतो, प्लास्टिक नाही. आपल्याकडे उद्या पेट्या काढून टाका असं मी म्हणणार नाही, अर्ध्या दिवसात काय होईल ते मी डोळ्यांसमोर आणू शकतो. पण पेटी पाण्याच्या काठावर नको, वाहन लावायच्या जागेवर हवी, एवढं तर आजही करता येईल. गाडीकडे परतताना हातात पिशवी असली तर माणूस ती तिथे टाकतो.

संडास कोरडा. लाकडाची खोली, पाट, आणि कोपऱ्यात झाडाच्या सालीच्या भुशाची बादली. विधी उरकला की एक डबडं भुसा टाकायचा. पाणी नाही, निचरा नाही, तळ्यात काही जात नाही. वास अगदीच नाही असं नाही, पण आपल्या एसटी स्टँडपेक्षा कितीतरी बरा. पाण्याची बाटली सोबत घेऊन जाणारा त्या जंगलात मी एकटाच असेन. ते आपलं आपण बघून घ्यायचं. मुद्दा हा, की गंगापूर धरणातून नाशिक शहर पिण्याचं पाणी घेतं. काठावर फ्लशचे संडास आणि त्यांच्या टाक्या बांधायच्या म्हणजे स्वतःच्या पिण्याच्या पाण्यालाच धोका. कुठलाही आराखडा करणाऱ्याने हा एक प्रश्न आधी विचारावा, बाकीचे नंतर.

कुणी म्हणेल, त्यांची लोकसंख्या ती किती आणि आपली किती. ही सबब मी ऐकून घेत नाही. हेलसिंकी-एस्पो परिसरात दहा-बारा लाख माणसं राहतात, आणि २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर पंधरा लाखांच्या आत होतं. नूक्सिओत वर्षाला तीन लाखांच्या आसपास भेटी होतात. शनिवारी बसमध्ये उभं राहून जावं लागतं. गर्दी आहेच, पण ती ठरलेल्या जागांवर आणि रंगाने आखलेल्या वाटांवर राहते.

आता ते तळं उचलून इथे आणता येणार नाही, हे धरणावर नोकरी केलेला माणूस म्हणून मी सांगतो. त्यांच्या तळ्याची पातळी वर्षभर फारशी हलत नाही. म्हणून झाडं पाण्याला टेकून उभी, म्हणून बाकडं टाकलं तर ते कायम पाण्यासमोर राहतं. आपलं धरण ५,६३० दशलक्ष घनफुटांचं, ऑक्टोबरात तुडुंब, आणि मग कालव्यांना पाण्याच्या पाळ्या, म्हणजे आवर्तनं, सुटत जातात, शहर पीत जातं, ऊन पीत जातं. काही वर्षी जूनमध्ये साठा पाव भागावर येतो. काठ शेकडो पावलं आत सरकतो. उघडी पडलेली गाळाची जमीन म्हणजे गाळपेर. वर्षाच्या बोलीने ती कसायला दिली जाते, त्यात लोक कलिंगड-काकडी काढतात. तुम्ही ऑक्टोबरच्या पाण्यावर नजर ठेवून जो लेकफ्रंट बांधाल, तो मे महिन्यात भेगाळलेल्या चिखलाकडे तोंड करून बसेल. आणि लोक पाण्याच्या ओढीने त्या चिखलात उतरतील. पाण्याखाली गोदावरीचं जुनं पात्र आहे, गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे टाकली की एकदम खोल. दरवर्षी पोरं बुडतात ती बहुतेक अशीच. पोहता येतं म्हणून उतरलेलीही बुडतात.

म्हणून काठावर पक्कं काही बांधूच नये. पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण तुडुंब भरल्यावर पाणी जिथवर चढतं त्या रेषेच्या वर, झाडोऱ्यात, तीन-चार जागा ठरवाव्यात. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन चुली, बाकं, एक कोरडा संडास, वाहनतळापाशी कचऱ्याची जागा. तिथून पाण्याकडे जाणारी एकच पायवाट आणि जिथे खोल आहे तिथे खांब रोवून रंगवलेली खूण. बाकी काठ जसा आहे तसा राहू द्यावा.

लाकूड मात्र फुकट नको. आपल्याकडे फुकटची मोळी संध्याकाळपर्यंत ढाब्यावर पोचेल. आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांना मोळी विकायला द्यावी. धरणात ज्यांची जमीन गेली त्यांच्या नातवंडांना या काठातून आजवर काय मिळालं? रखवालीची नोकरी, तीही कंत्राटी. लाकूड जंगलातून आणायचं नाही. नाशिक तालुक्यात बांधावरच्या बाभळी आहेत, रस्त्यांवरच्या झाडांच्या छाटणीचं लाकूड दरवर्षी निघतं, द्राक्षबागांची छाटणी झाली की काड्यांचे ढीग पडतात. काडी लवकर जळून जाते, पण जाळ धरायला उत्तम. मोळीच्या पैशात चुलीची राख काढण्याचं कामही त्यांच्याकडेच द्यावं. ज्याचं पोट त्या जागेवर आहे तो तिथे बाटली फोडू देत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. फिनलंडमध्ये परंपरेनेच प्रत्येकाला रानात फिरायचा हक्क आहे, जमीन कुणाचीही असो. घराच्या अंगणात जायचं नाही, उभ्या पिकात शिरायचं नाही, मालकाच्या परवानगीशिवाय जाळ करायचा नाही. पण चाला, पोहा, जांभळ्या बेरी तोडा, अळंबी गोळा करा. लेक जुलैत डबे भरभरून बेरी आणते, कुणाच्या जंगलातून ते तिलाही माहीत नसतं. आपल्याकडे करवंदाच्या जाळीबाबत हाच रिवाज आहे, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. नवल मला आपल्या धरणाचं वाटतं. बुडीत क्षेत्राची जमीन सरकारने संपादित केलेली आहे, तिला हद्दीचे दगड आहेत, मोजणीच्या वेळी साखळी धरून मी त्यातल्या काहींपाशी उभा राहिलो आहे. आज त्यातले काही दगड फार्महाउसच्या तारेच्या आत गेले आहेत. काठाने सलग चालायला गेलात तर दर थोड्या अंतरावर कुंपण, आणि कुंपणामागे कुत्रं. आधी ते दगड मोजून बाहेर काढा. पर्यटनाचा विकास म्हणतात तो त्यानंतर.

हे आपल्याकडे होणार नाही असं कुणी म्हणू नये. निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला गोदावरी आणि कादवेच्या संगमावर शंभर वर्षांपूर्वीचा बंधारा आहे. गाळ साचून तिथे बेटं झाली, गवत माजलं, पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे कारंजं नाही, काचेचा पूल नाही. निरीक्षणाचे मनोरे आहेत आणि दुर्बीण घेऊन पक्षी दाखवणारी गावातलीच मुलं आहेत. चापडगावच्या बाजूने हिवाळ्यात सकाळी गेलात तर पाण्याच्या कडेला शेपटी हलवत तुतवार हिंडताना दिसतील. त्यांच्यातली हिरवी तुतवार उत्तरेच्या त्याच तैगात, झाडावरच्या दुसऱ्या पक्ष्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालते आणि थंडीत आपल्याकडे येते. मासे पकडणारा कैकरसुद्धा उत्तरेच्या तळ्यांकाठी उंच झाडाच्या शेंड्यावर घरटं करतो आणि हिवाळ्यात इथे येऊन बसतो. त्यांना दोन्हीकडचं पाणी चालतं.

बोटिंग, रिसॉर्ट वगैरे जे झालंय ते झालं, ते मोडा असं मी म्हणत नाही. ज्यांना एसीत बसून पाणी पाहायचं आहे त्यांची सोय आहे. दुचाकीवर बायको-पोरांना घेऊन, डब्यात भाकरी-ठेचा बांधून जो येतो त्याला बसायला जागा नाही, बाईमाणसाला आडोसा नाही, म्हणून तो मिळेल तिथे बसतो आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो. डीजे लावणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. त्यांच्यासाठी पोलीस लागतात, पण शनिवार-रविवारी संध्याकाळी दोनच तास. चार जागा ठरलेल्या असल्या तर दोन हवालदारांनाही ते जमेल. आज पूर्ण काठावर त्यांनी कुठेकुठे धावायचं?

जलसंपदा, वन आणि पर्यटन या तीन खात्यांनी एकत्र बसून निर्णय घ्यायचा म्हटलं तर पुढचा सिंहस्थ उजाडेल, ते मी नोकरीत भरपूर पाहिलं आहे. म्हणून एकच जागा आधी करून पाहावी, डिसेंबरच्या सहली सुरू व्हायच्या आत. खर्च लोखंडी कड्यांचा, चार ओंडक्यांचा आणि एका संडासाचा. आमच्या चुलतभावाच्या बांधावरच्या दोन बाभळी गेल्या वादळात पडल्या, फाळून वाळत ठेवल्या आहेत. परवानगी मिळत असेल तर लाकडाचा पहिला ट्रॅक्टर मी पाठवतो, भाड्यासकट.

आपला,
पाटबंधारे खात्यातला एक निवृत्त कर्मचारी,
गंगापूर रोड, नाशिक